सुमिनीच्या नावाचं ताट

हारजोनो गुरुजींनी ताटातला एक गोड, फुगीर आपेम मोडला, वास घेतला आणि अख्खं ताट अंगणातल्या कोंबड्यांपुढे उपडं केलं.

"काय कालवलंय यात?"

शेजारची वागिनेम बघतच राहिली. "तांदळाचं पीठ नि नारळाचं दूध. दुसरं काय कालवणार? सुमिनीताईंच्या नावाचं ताट होतं, गुरुजी."

"तिचं नाव मध्ये आणू नका! मी आलो की तुम्ही सगळे गप्प होता. घर बळकावायचंय ना माझं? दिसतं ते खरं नसतं, बाई. नुसता पडदा असतो. मागून दोऱ्या हलवणारे वेगळेच."

"कोंबड्या माझ्याच आहेत," रिकामं ताट उचलत ती म्हणाली. "घरातलं घरात राहिलं म्हणायचं." ताट झटकून ती घरी वळली.

बायको, सुमिनी, वारल्यापासून गुरुजींचं हेच चाललं होतं. दिवसभर ओसरीवर मोबाइल, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जग म्हणजे भास कसा यावर व्याख्यान. अर्ध्या गावाला त्यांनीच शिकवलेलं, त्यामुळे लोक ऐकून घेत.

थोड्या वेळानं वागिनेम, तिचा नवरा तुगिमान आणि गल्लीतली चार माणसं विळे-झाडू घेऊन दारावरून निघाली. गुरुजींची ओसरी येताच सगळ्यांची तोंडं मिटली. आज बरे सापडले लेकाचे! गुरुजी अनवाणीच मागे निघाले.

मंडळी कबरस्तानात शिरली. उपवासाचा महिना तोंडावर आला की गाव कबरी साफ करतं. ज्यानं त्यानं आपल्या माणसांच्या. गुरुजी चाफ्याआड थांबले. तुगिमान एका कबरीवरचं गवत उपटत होता. गवत निघालं तशी खालची पाटी दिसली. सुमिनी.

गुरुजींनी झाडाला हात टेकला. गेल्या साली आपण आलो नव्हतो. त्याच्या आधीही नाही.

तेवढ्यात सुमिनीचा धाकटा भाऊ पार्मान परगावाहून फुलं घेऊन आला. कबर बघून त्याचा चेहरा निवळला.

"दाजींनी केली वाटतं साफ?"

"तर! सकाळीच येऊन गेले," वागिनेम म्हणाली. "आम्ही आपला उरलासुरला कचरा काढतोय."

"दरसाल तेच करतात," तुगिमाननं री ओढली. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

कट होताच तर. अख्खी गल्ली त्यात सामील होती. गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पळावं म्हणून ते वळले, तोच वागिनेमची नजर पडली. ती पार्मानकडे वळली.

"हे काय, आलेच की परत!"

पार्माननं पुढे होऊन गुरुजींचा हात दोन्ही हातांत घेतला. हात कोरडा, मऊ, मातीचा कणही नसलेला. पार्माननं त्या हाताकडे पाहिलं, मग गुरुजींच्या तोंडाकडे. हात सोडला आणि कबरीवर फुलं पसरू लागला.

"यंदा ताईच्या नावाचे आपेम नाही केले, वहिनी?" त्यानं विचारलं.

"केले ना," वागिनेम म्हणाली. "गुरुजींना आवडले. सगळे संपवले त्यांनी."

गुरुजी खाली बसले. कबरीवर आता उपटायला गवत उरलं नव्हतं. तरी ते नखांनी माती उकरत राहिले.