लायडनची रानं

बारामतीच्या कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवून प्रमोदिनीबाई निवृत्त झाल्या आणि त्यांनी डच लोकांच्या बंडावर मराठीत पुस्तक लिहायला घेतलं. सोळाव्या शतकात एवढ्याशा हॉलंडनं स्पेनच्या बलाढ्य राजाला कसं झुंजवलं, हा त्यांचा वर्गातलाही आवडता विषय. तीन प्रकरणं झरझर झाली. चौथ्यात मात्र गाडी अडली.

लायडन शहराला स्पॅनिश फौजेचा वेढा पडलेला. आत लोक भुकेनं मरत होते. तेव्हा बंडाच्या पुढाऱ्यांनी नद्यांचे बांध फोडले. पाणी रानांत शिरलं, बंडवाल्यांच्या सपाट बुडाच्या नावा शहराकडे सरकल्या, शत्रू पळाला. बैठका, नावांची संख्या, वाऱ्याची दिशा, सगळं बाईंनी लिहिलं. तरी प्रकरणात जीव येईना.

वरकुट्याचे झुंबरराव दर मंगळवारी त्यांच्याकडे भाजी आणि पेरू घेऊन येत. एका सकाळी बाई ओसरीवर तेच प्रकरण मोठ्यानं वाचत होत्या. झुंबरराव पिशवी हातात धरून शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले.

"बाई, ज्यांच्या रानात पाणी घुसलं ती मानसं कुठं हायेत ह्यात?"

बाईंनी कागद खाली ठेवले. "त्यांच्याबद्दल कागदपत्रांत फारसं सापडत नाही, झुंबरराव."

"मग आमच्या आईला इचारा. आमचं जुनं गाव उजनी धरणात गेलंय."

दोनच दिवसांनी बाई वरकुट्याला गेल्या. ऐंशी ओलांडलेल्या म्हाळसाबाई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होत्या. हात न थांबवता त्या बोलायला लागल्या.

"लोंढ्यानं न्हाय आलं पाणी. सरीसरीनं वर चढलं. आधी उंदरं पळाली, मग साप. बाजरी दुधात हुती, दाना भरायचा हुता, तशीच कापली. भारा डोक्यावर घेतला तवा पाणी गुडघ्याला हुतं. आमचं मालक हिरीच्या काठावर बसलं, उठंचनात. सोता खनलेली हीर. बघता बघता हिरीतलं पाणी कुठलं नि भाईरलं कुठलं, कळंना झालं."

"राग नाही आला?"

"आला की! पर सायब म्हनला, खाली लई गावं तहानल्याली हायेत. म्हनलं, जाऊ द्या. त्यास्नी पाणी मिळालं का, ते मातर कुनी सांगाय आलं न्हाय."

बाईंचा पेन थांबला. त्या मूळच्या सोलापूरच्या. लहानपणी घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या.

"आजी, मिळालं. माझ्या माहेरी नळाला उजनीचं पाणी येतं. माझी आई शेवटपर्यंत तेच प्यायली." बाईंनी वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "इतकी वर्षं कुणाचे आभार मानायचे हेच मला सुचलं नव्हतं."

म्हाळसाबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "ग्वाड हाय का गं?"

"फार गोड."

म्हातारी तोंडभर हसली. मग पदरानं डोळे पुसून तिनं जुडी पुन्हा हातात घेतली.

बाईंनी चौथं प्रकरण फाडून नव्यानं लिहिलं. बुडालेल्या रानांच्या मालकांची नावं आपल्याला सापडली नाहीत, हे त्यांनी सरळ कबूल केलं आणि पाणी रानात कसं चढतं, ते म्हाळसाबाईंच्या शब्दांत, त्यांच्या नावानिशी दिलं. पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत घेऊन त्या वरकुट्यालाच गेल्या. अंगणात झुंबररावांचं सगळं घर गोळा झालं. बाई वाचू लागल्या. स्वतःचं नाव आलं तेव्हा म्हाळसाबाई लाजून दुसरीकडे बघायला लागल्या. वेढा उठला, शहरात भाकरी पोचली, तशी त्यांनी मध्येच विचारलं,

"आन् त्या लोकांची रानं? परत मिळाली का त्यास्नी?"

"मिळाली. पाणी ओसरायला वेळ लागला, पण मिळाली."

"बरं झालं गं बाई," म्हाळसाबाई म्हणाल्या. "लई बरं झालं."