सरदार बसला तो धोंडा

मी लोणच्याचा धोंडा बोलतोय. एका पैजेपायी मला थेट इतिहासात ढकललं, त्याची ही रड.

पैज लावली इवाओ न्हाव्यानं. "तोकुजी, आपल्या गावात कसल्याही दगडाला पवित्र दोरी बांधली तरी लोक वाकतील. बांधून दाखव, आहे हिंमत?"

तोकुजी पासष्ट वर्षांचा. अक्कल दुधाच्या दातांबरोबरच पडलेली. "त्यात काय," म्हणाला. घरी आला, बायकोच्या लोणच्याच्या पिंपावरून मला उचललं, देवळापाशी देवदाराखाली ठेवलं, नि माझ्या कमरेला गवताची ती पवित्र दोरी आवळली.

मी मूळचा नदीतला. तोकुजीच्या पणजीनं मला हेरलं. तेव्हापासून दर हिवाळ्यात पिंपात खाली मुळे, मीठ, तांदळाचा कोंडा, नि वर मी. मान नाही, पान नाही, पण मुळा असा दाबतो की कुरकुरीतच निघाला पाहिजे.

इथं पहिल्याच सकाळी तिघं मला वाकून गेले. कुणाला वाकतोय, कुणी विचारलं नाही. दोरी दिसली, मान खाली.

दुपारी मिझोगुची मास्तर आले. शाळा सुटली तरी मास्तरकी न सुटलेले. आमच्या सुगितानी गावाचं पुस्तक लिहीत होते. भूगोल तीन पानांत आटोपला: दोन डोंगर, एक नदी, चार महिने बर्फ. इतिहासाची पानं कोरी. जुन्या काळी या मुलखाचा सरदार प्रवासात शेजारच्या गावात मुक्कामाला राहायचा, आमच्यातून नाक दाबून पुढं जायचा. त्याचं काय लिहिणार?

मास्तरांनी मला टेपनं मोजलं. पाठीवर नदीनं पाडलेला खळगा चाचपला, नि त्यांचे डोळे भरून आले.

"सरदार इथंच टेकला. ही त्याच्या बैठकीची खूण."

तोकुजी तिथंच उभा. तोंड उघडलं, माशी गिळल्यासारखं मिटलं.

ठरलं. रविवारी मला सिमेंटात बसवायचं. म्हणजे मेलोच की! पिंप कायमचं सुटलं.

घरी त्याची बायको हात्सुए विचारून दमली.

"अहो, धोंडा कुठाय?"

"उंदरानं नेला असेल."

"बारा किलोचा? उंदीर आहे का रेडा? मुळे वर तरंगतायत, बुरशी धरतील."

रविवारी सगळा गाव जमला. बाबांनो, तुम्हाला एकच सांगणं: दोरी दिसली म्हणून वाकू नका, आधी वास घ्या. त्या गर्दीत ते फक्त हात्सुएनं केलं. वाकली, नि तशीच राहिली.

"मास्तर, सरदाराच्या बुडाला मुळ्याचा वास यायचा का?"

"लांबचा प्रवास, वहिनी. घाम असेल."

"घामात कोंडा?" तिनं खळग्यात नख घातलं नि पिवळा कोंडा मास्तरांपुढं धरला.

कुणी हसलं नाही. इवाओ आभाळाकडे बघायला लागला. गवंडी सिमेंटाचं घमेलं घेऊन तसाच ताटकळलेला. मास्तर त्याला हळूच म्हणाले, "ओत."

तेव्हा तोकुजीनं टोपी काढली.

"ओतू नका. मास्तर, धोंडा आमचाच. इथं कुणी सरदार बसला नाही. मीच आणला, पैजेपायी. त्याच दिवशी सांगणार होतो, पण तुम्ही इतके खूश दिसलात, की माझी जीभच उचलेना."