जपून ठेवलेली तार

माझ्या नाकावर राग असतो, असं घरातल्यांचं म्हणणं. मला विचाराल तर तो राग नाही, शिस्त आहे. छत्तीस वर्षं मी टेलिफोनच्या तारा जोडल्या. खांबावर चढून जोडल्या, गुडघाभर चिखलात बसून जोडल्या. त्यामुळे घरात तार म्हटली की ती मीच जोडणार आणि मी जोडलेल्या तारेत कोणी खोट काढायची नाही, हा आमच्याकडचा न लिहिलेला कायदा. मुलगा लहान असताना एकदा म्हणाला होता, "बाबा, इस्त्रीला हात लावला की मुंग्या येतात." मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही. तेव्हापासून मी काहीही दुरुस्त केलं की सगळे एका सुरात म्हणतात, "वा, झकास!" माझ्या पाठीमागे मला खटपट्या म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

हा कायदा माझ्या बायकोला केवढ्याला पडणार होता, ते सांगतो.

बायको शिवणकाम करते. लग्न झालं तेव्हापासून खिडकीजवळ तिचं पायमशीन आहे आणि तिने घातलेली तुरपाई शोधून सापडत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी तिला सुईत दोरा ओवायला जड जाऊ लागलं. मोतीबिंदू निघाला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी करायचं, डाव्याचं नंतर, असं ठरलं. पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे शिवण नाही, वाकणं नाही, सुईला हात नाही. जवळचा चष्मा नंतर देऊ. टीव्ही लांबून बघितलात तर चालेल."

मुलाने एवढंच धरलं. आई सहा आठवडे नुसती बसून काय करणार, निदान चित्र तरी स्वच्छ दिसू दे, म्हणून त्याने त्रेचाळीस इंची एचडी टीव्ही आणला आणि त्याच्या जोडीला नवा सेट-टॉप बॉक्सही. दुकानाचा माणूस दुसऱ्या दिवशी जोडायला येणार होता. मी म्हटलं, "मी काय मेलोय?"

टीव्ही मी भिंतीवर असा बसवला की लेव्हलमधला बुडबुडा अगदी मधोमध. बॉक्स खाली फळीवर. बॉक्सच्या खोक्यात एक काळी, चपट्या तोंडाची कोरी तार प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली होती. मी ती बघितली आणि बाजूला ठेवली. आमच्याकडे नवी वस्तू लगेच वापरत नाहीत. नवा टॉवेल कपाटात जातो आणि जुन्याचं फडकं होईपर्यंत जुनाच चालतो. जुन्या टीव्हीची तार माझ्याकडे होतीच, दोन्ही टोकांना पिवळी, लाल आणि पांढरी पिन असलेली. पिना मी पॉलिश पेपरने घासून लखलखीत करून ठेवल्या होत्या. टीव्हीला आणि बॉक्सला त्यांची भोकंही होती. पिवळ्यात पिवळी, लालात लाल, पांढऱ्यात पांढरी. चित्र आलं, आवाज आला. माणसाला आणखी काय हवं? नवी तार मी हत्यारांच्या खणात ठेवली आणि वर चिठ्ठी लावली: "नवीन. वापरू नये."

"कसं दिसतंय?" मी विचारलं.

मुलाने सूनबाईकडे बघितलं, सूनबाईने मुलाकडे. "वा बाबा, झकास!" मुलगा म्हणाला. "थिएटरच जणू," सूनबाई म्हणाली. बायको काळा चष्मा लावून खुर्चीत बसली होती. ती जरा वेळाने म्हणाली, "छान आहे हो."

त्यानंतर ती हळूहळू गप्प होत गेली. टीव्हीसमोर बसायची, खुर्ची पुढे घ्यायची, परत मागे न्यायची. कधी एका डोळ्यावर हात धरायची, कधी दुसऱ्या. मला वाटलं, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम असेल. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी तिच्याकडून अक्षरं वाचून घेतली, उत्तम आहे म्हणाले, चष्म्याचा नंबर दिला आणि दुसऱ्या डोळ्याची तारीख विचारली. "बघू," ती म्हणाली. चष्मा करून आणला, तो तिने न लावताच कपाटात ठेवला. नवा आहे, जपून ठेवला असेल, असं मला वाटलं. वाटणारच.

आणि रविवारी चहा पिताना तिने कप खाली ठेवला. "मशीन मी धाकटीला देऊन टाकते." धाकटी म्हणजे तिची बहीण, माझी मेहुणी.

"का?"

"झालं की आता. किती वर्षं शिवायचं?"

"आणि डोळा?"

"ठीक आहे डोळा."

त्या ठीकमध्ये काहीच ठीक नव्हतं, एवढं मलाही कळलं. पण मला तारांमधलं कळतं, माणसांमधलं उशिरा कळतं. मी आपला ठरल्याप्रमाणे चिडलो. "मग ऑपरेशन कशाला केलं?" ती कप उचलून आत गेली. खरं सांगतो, मला भीती वाटली होती. दुपारी त्या मशीनच्या खडखडाटाशिवाय मला झोप लागत नाही. तो आवाज नसलेल्या घरात मी काय करू, हे मला सुचेना.

बुधवारी सकाळी मेहुणी आली. मागून टेम्पो येणार होता. मेहुणीचं तोंड फाटकं. आमच्या घरचा कायदा तिला कधी लागू झाला नाही. बायको मशीन पुसत होती. तेल घालून झालं होतं, बॉबिनी डब्यात भरून झाल्या होत्या. टीव्हीवर एक बाई गुलाबांची निगा कशी राखावी ते सांगत होती. पाणी पिऊन मेहुणीने मान वर केली.

"भाऊजी, एवढा मोठा टीव्ही आणि चित्र असं काय? काचेवर तेल फासल्यासारखं."

"चष्मा पूस तुझा," मी म्हटलं.

"मला चष्मा आहे कुठे? आमच्याकडे अस्साच टीव्ही आहे. त्यात पाकळीवरचा पाण्याचा थेंब दिसतो. इथे गुलाब आहे की कोबी, पत्ता नाही. आणि ती बाई एवढी रुंद कशी हो?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात बायकोच्या हातातलं फडकं थांबलं.

"तुलाही धूसर दिसतं?" तिने विचारलं. आवाज एवढा बारीक की मेहुणीला पुढे वाकावं लागलं.

"मलाही म्हणजे? ज्याला डोळे आहेत त्याला दिसणारच ना, ताई!"

बायको मशीनच्या स्टुलावर बसली. "मला वाटलं, माझाच डोळा गेला."

मग तीच सांगू लागली. सगळे झकास म्हणतात आणि आपल्याला धड दिसत नाही, म्हणजे ऑपरेशन फसलं. डॉक्टरांची अक्षरं मुठीएवढी मोठी, ती कोणीही वाचेल. भिंतीवरचं घड्याळ तर पाठच आहे. "आणि तुमची तोंडं काय, मी आठवणीनेच बघते. नवं बघायचं म्हणजे हा टीव्ही. म्हटलं, चित्र दिसत नाही तिथे काज काय दिसणार? चष्मा लावून बघायचाही धीर झाला नाही."

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आई, आम्हालाही असंच दिसतं. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

तिने खाली बघितलं. "बाबा, तुम्ही जोडला होता ना."

मला झकास ऐकायचं होतं, म्हणून सगळे मूग गिळून बसले होते आणि माझी बायको स्वतःच्या घरात बसल्या बसल्या आंधळी होत चालली होती. जुन्या तारेतून एचडी चित्र जातच नाही, ते त्या नव्या तारेचं काम. मी खण उघडला. चिठ्ठी फाडली, प्लॅस्टिक दातांनी तोडलं. पावसात खांबाला लटकून शंभर तारा जोडणारे माझे हात, पण टीव्हीमागचं एक चपटं भोक सापडेना. मेहुणीने मोबाइलचा उजेड धरला. पिवळी, लाल, पांढरी उपटून काढली, काळी तार आधी बॉक्सला लावली, मग टीव्हीला. पडदा निळा झाला. त्यावर लिहून आलं: "सिग्नल नाही."

या वेळी कोणी झकास म्हणालं नाही.

"बाबा," सूनबाई चाचरत म्हणाली, "रिमोटवर सोर्स बदलावा लागेल. टीव्ही अजून जुन्या तारेचीच वाट बघतोय."

"मग बदल की," मी म्हटलं.

चित्र आलं. मी टीव्हीकडे बघितलंच नाही, बायकोकडे बघत राहिलो. ती पुढे वाकली. डाव्या डोळ्यावर तळहात धरला. त्या बाईचं गुलाबपुराण चालूच होतं.

"तिच्या कॉलरची टीप वाकडी गेलीय," शेवटी ती म्हणाली. "आणि तिसऱ्या काजाला दोरा बदललाय, बाकीच्यांपेक्षा फिका. कोणी शिवलंय गं हे?"

"झालं!" मेहुणीने कपाळावर हात मारला. "गेलं माझं मशीन."

मी जमिनीवर बसलो आणि मला रडू आलं. हाताला लागलं ते मशीनचं तेलकट फडकं. त्यानेच डोळे पुसले. "चुकलं माझं," मी म्हटलं. तिघींसमोर, मोठ्याने. एवढ्यात खाली टेम्पो येऊन थांबला. मेहुणी खिडकीतून ओरडली, "अहो टेम्पोवाले, जा परत! नवरी येत नाही म्हणते!" मग तिने माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, आधी तोंड धुवा. काळं झालंय."

दुपारी बायकोने कपाटातून चष्मा काढला. दोरा तिसऱ्या खेपेला सुईत गेला. मग ती मशीनवर बसली आणि खडखडाट सुरू झाला. मी टीव्हीखाली पसारा आवरत होतो. झोप लागेल अशी दुपार होती, पण मला झोपायचं नव्हतं, ऐकायचं होतं.

"अहो," कापडावरची नजर न काढता ती म्हणाली, "ती तार मधेच लोंबतेय. वाईट दिसतं."

सूनबाई हातातलं ताट तसंच धरून उभी राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोने माझ्या कामात काढलेली ही पहिली खोट. मी क्लिपा आणि हातोडी घेतली आणि तार भिंतीला धरली.

"आता?"

तिने चष्म्यावरून वर बघितलं. "अजून थोडी डावीकडे."

मी ती डावीकडे घेतली.