नऊ महिन्यांची गाठ

देवाचं नाव घेतल्याशिवाय वहिनींचा हात सूक्ष्मदर्शकाला लागत नसे. त्या दिवशी नाव घेतलं, पण स्लाइड उचलवेना. स्नायू-चरबीत उगवणाऱ्या विचित्र गाठींना नावं देण्यात त्यांची निम्मी हयात गेलेली. ही गाठ मात्र त्यांच्याच नणंदेच्या हातातली. घरच्या माणसाची स्लाइड आपण वाचायची नाही, असा त्यांचा नेम होता. मुकाट्यानं ती त्यांनी सरांपुढे ठेवली. हे काम त्यांना सरांनीच शिकवलेलं.

नणंद म्हणजे घरादाराची छकुली. चाळिशी उलटली तरी नाव सुटलं नव्हतं. घड्याळं दुरुस्त करायची. उजव्या हाताला, कोपराच्या खाली, सुपारीएवढी गाठ आली होती. सर्जननी सुईनं तुकडा काढला आणि बजावलं, कॅन्सर निघाला तर भोवतालच्या स्नायूसकट काढावं लागेल. मग तिळाएवढे स्क्रू त्या हातानं कुठले फिरायला!

सरांनी बराच वेळ डोळा उचलला नाही.

"पेशी भराभर वाढताहेत," ते म्हणाले. "पण सगळ्यांचा तोंडवळा एकसारखा, बिघडलेली एकही नाही. मला तर आपोआप जिरणारी निरुपद्रवी गाठ दिसते."

वहिनींनी श्वास सोडला.

"थांबा. अशी गाठ काही आठवड्यांत फुगते नि ओसरू लागते. तुमच्या वन्सं म्हणतात नऊ महिने झाले. नऊ महिन्यांनी ती इतकी ताजी दिसायची नाही. मग साधेपणाचं सोंग आणणारा कॅन्सर असेल का, हे मला बघावंच लागेल."

वहिनींना पटेना. नऊ महिने? गेल्याच महिन्यात स्वेटरची बाही बेतताना त्यांनी छकुलीच्या हातावरून कोपरापासून मनगटापर्यंत दोनदा हात फिरवला होता. गुदगुल्या होतात म्हणून ती खिदळत होती. तिथं काही नव्हतं. गाठी चाचपण्यात आयुष्य गेलेला हात सुपारी चुकेल कसा?

त्या तडक दुकानात गेल्या. छकुली डोळ्याला भिंग लावून बसली होती.

"छकुले, खरं सांग. गाठ कधी आली?"

"सांगितलं ना, नऊ महिने."

"माझ्याकडे बघून सांग. भिंग काढ आधी."

भिंग निघालं. डोळे भरलेले.

"तीन आठवडे झाले, वहिनी. एकदम टुणकन वर आली."

"मग नऊ महिने कुठून आणलेस?"

"जुनी गाठ निरुपद्रवी असते म्हणतात. नवी म्हटलं असतं तर तुम्ही झोपला असता का? घरात कुणाला शिंक आली तरी तुम्ही उपास धरता!"

वहिनींना हसावं की रडावं कळेना. "अगं वेडाबाई, माझी झोप वाचवायला हात घालवून बसली असतीस! इथं नवी तीच बरी." त्यांनी तिचं डोकं पोटाशी धरलं. "माझ्यापासून लपवायचं, तेही गाठ! मांजरापासून दूध लपव एक वेळ."

"सर रागावतील?"

"रागावू देत. मी आहे."

सर रागावले नाहीत. हसून त्यांनी जनुकाची तपासणी लावली. या जातीच्या गाठीत एक ठरावीक जनुक जागचं हललेलं असतं. तसं ते सापडलं आणि त्यांनी साध्या गाठीचं नाव लिहून सही केली. सर्जन म्हणाले, आता सुरी नको, नुसती नजर ठेवू.

वहिनी रोज सकाळी पूजा आटोपून गाठ चाचपू लागल्या. सुपारीचं बोर झालं, बोराचा वाटाणा. एके दिवशी त्यांनी दोनदा हात फिरवला नि काहीच लागलं नाही.

"गुदगुल्या होतात, वहिनी!"

"होऊ देत," म्हणत त्यांनी तिसऱ्यांदा फिरवला.