खालच्याची हाक

खांबकाकांनी गादीचा कोपरा आधी टाचेने दाबून पाहिला, मग गुडघ्यांवर बसून तळहाताने दाबून पाहिला, आणि तरीही समाधान होईना तेव्हा सरळ तिच्यावर आडवे झाले. उन्हाळी कार्यक्रमांचा पहिला दिवस, बागेतल्या खुर्च्या भरत आलेल्या, आणि उघड्या मंचावर पांढऱ्या मिशांचा एक आडदांड गृहस्थ उताणा पडलेला. पुढच्या रांगेतली मंडळी हसायला लागली.

"बाबा, उठा," पडद्याआडून त्यांची मुलगी म्हणाली. "लोकांना वाटेल हाच कार्यक्रम आहे."

"डावीकडे खळगा आहे."

"सकाळी उजवीकडे होता."

खांबकाका उठले, पण खळग्याबद्दलचं त्यांचं मत काही बदललं नाही.

कसरतीच्या जोडीत एक खालचा असतो आणि एक वरचा. खालचा उभा राहतो, उचलतो, फेकतो, झेलतो. वरचा उडतो आणि टाळ्या घेऊन जातो. खांबकाका जन्मभर खालचे. आधी त्यांच्या खांद्यांवर धाकटा भाऊ असायचा, मग मुलगी आली. ती इतक्या लहानपणी वर चढली की तिला सगळे चिमणी म्हणू लागले, आणि आता तिशी ओलांडली तरी चिमणीच म्हणत. गेल्या हिवाळ्यात मात्र काकांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे पाण्याने भरलेल्या बादलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. तेव्हा खालची जागा जावयाकडे गेली. जावई काकांच्याच हाताखाली तयार झालेला, खांदे रुंद आणि बोलणं कमी. काकांनी हा बदल फार मोठ्या मनाने स्वीकारला, असं ते स्वतःच भेटेल त्याला सांगत.

त्या संध्याकाळचा खेळ झकास झाला. शेवटी मोठी उडी होती. चिमणी जावयाच्या तळहातांवर, त्याच्या खांद्यांच्या उंचीला उभी राहते. त्याने वर फेकायचं, तिने त्याच क्षणी उडायचं, हवेत मागच्या मागे कोलांटी घ्यायची आणि त्याच्या खांद्यांवर पाय टेकायचे. दोघांपैकी एक जण पापणी लवण्याइतका जरी पुढेमागे झाला तरी उडी वाकडी जाते. म्हणून हाक द्यावी लागते. ती खालच्याने द्यायची, कारण वजन त्याच्या हातात असतं. खांबकाकांची हाक होती 'हं'. जावई म्हणायचा 'चल'.

जावई "चल" म्हणाला आणि चिमणी उडाली. मंचाच्या कडेला पडद्याच्या दोरीपाशी उभ्या असलेल्या खांबकाकांच्या तोंडून तेव्हाच "हं" निघून गेलं. फार मोठ्याने नाही, आपलं सवयीने. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

नंतर ओळखीचे चारजण काकांचाच हात हातात घेऊन हलवत होते.

"छे हो, मी काय, आता नुसता बघणारा," काका म्हणाले.

"बघणाऱ्याला एवढा घाम येतो?" शेजारी पोशाखांच्या घड्या घालत काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बागेच्या संयोजक बाई काकांना फाटकापाशी घेऊन गेल्या. तिथे रेडिओवाले मुलाखत घ्यायला बसले होते. काकांना बोलायला बसवलं की उठवायला दुसरा माणूस लागतो. भावाच्या गोष्टी झाल्या, जुन्या तंबूंच्या झाल्या, आणि ते ऑपरेशनपर्यंत पोचले तेवढ्यात मंचाकडून शेकडो लोकांचा एकदम "अगं आई" असा आवाज आला. मग क्षणभर काहीच नाही. मग हसू आणि टाळ्या.

मुलाखत तशीच टाकून काका मंचाकडे निघाले.

कलाकारांना कपडे बदलायला बागेची अवजारं ठेवायची खोली दिली होती. गवत कापायचं यंत्र, रबरी पाइपची वेटोळी, आणि मधे उपड्या टाकलेल्या बादलीवर जावई, ओठाला बर्फ लावून. चिमणी त्याच्यासमोर जमिनीवर बसली होती. उडी वाकडी गेली होती. ती आडवी खाली आली, तिची टाच त्याच्या तोंडावर बसली, तरी त्याने तिला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. बघणाऱ्यांना वाटलं, ही मुद्दाम केलेली गंमत आहे.

"लागलं का?" काकांनी मुलीला विचारलं.

"मला नाही. त्याला लागलंय."

मग काका जावयाकडे वळले. "हाक कधी दिलीस? गुडघे वाकवायच्या आधी की नंतर?"

"वेळेवर दिली, काका."

"वेळेवर दिली असतीस तर काल जमलं ते आज का नाही जमलं?"

जावयाने बर्फ खाली घेतला. सासऱ्यापुढे तोंड उघडण्यापेक्षा त्याला मोठी उडी परवडली असती.

"काल ती माझ्या हाकेवर उडालीच नाही," तो म्हणाला. "तुमच्या हाकेवर उडाली. तुम्ही दोरीपाशी होता. ती तुमच्या मागून गेली, मी तिच्या मागून गेलो. काका, खांदे माझे आहेत, पण खाली अजून तुम्हीच उभे आहात."

"मी? मी तोंडसुद्धा उघडलं नाही."

कोपऱ्यात काकू चिमणीच्या बाहीची उसवलेली शिवण घालत होत्या. त्यांनी दाताने दोरा तोडला.

"अहो, काल प्रत्येक उडीला तुम्ही 'हं' म्हणत होतात. मी शेजारीच होते. मला वाटलं, पाणी मागताय."

दुसऱ्या दिवशी सकाळी, बागेत माळ्याशिवाय कुणी नसताना, तालीम झाली. काकांनी दोरीपाशी तोंडाला कुलूप लावून उभं राहायचं होतं. पहिल्याच खेपेला कुलूप उघडलं. तेव्हा काकूंनी पाण्याचा पेला आणला आणि तोंडात घोट धरून ठेवायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला काकांच्या घशातून "हं" असं काही गुळगुळलं की चिमणी वरच्या वर हसायला लागली, जावयाचा तोल गेला आणि दोघं गादीवर गडगडली. गादीला खळगा नव्हता, हे तेव्हा सिद्ध झालं.

तिसऱ्या खेपेला काकांनी खरोखरच आवाज केला नाही.

"चल," जावई म्हणाला.

चिमणीचे गुडघे वाकले आणि परत सरळ झाले. ती होती तिथेच होती.

"चल."

पुन्हा तेच. मग ती स्वतःच खाली उतरली.

"पाय निघत नाही," एखादं दार अडकतं म्हणून सांगावं तशी ती म्हणाली. "कान सारखा तिकडे जातो. बाबा म्हणाले का, म्हणून."

खांबकाकांनी पाणी गिळलं. आता खोटं कशाला बोला, त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पोरगी अडली होती, जावयाचा ओठ सुजून भज्यासारखा झाला होता, आठवडा संपला की दोघं अख्खा उन्हाळा गावोगावच्या बागांमधून खेळ करत फिरणार होती, आणि या माणसाला बरं वाटत होतं. त्याची त्यांना लाजही वाटली, पण बरं वाटायचं काही थांबेना.

"काका, तुम्ही चला ना आमच्याबरोबर," जावई म्हणाला. "गाडीत जागा आहे. नाहीतर मोठी उडी खेळातून काढून टाकू."

हिवाळाभर पट्ट्यात हात अडकवून बसलेल्या काकांना नेमकं हेच कुणीतरी म्हणायला हवं होतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती घोट्यावरची पट्टी सोडवत होती.

"तुझं काय म्हणणं?"

"तुम्ही आलात तर मी उडीन," ती मान वर न करता म्हणाली. "पुढच्या वर्षी आलात तर पुढच्या वर्षीही उडीन."

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. म्हणूनच ते काकांना लागलं.

त्या संध्याकाळी मोठी उडी झाली नाही, त्यापुढच्याही संध्याकाळी झाली नाही. लोकांनी तितक्याच टाळ्या वाजवल्या. कुणाला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं नाही, याचा काकांना फार राग आला. अर्ध्या जन्माची कमाई म्हणजे ती उडी, आणि ती गेली तर कुणाचं काही अडलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी ते मंचामागच्या झाडाखाली बाकावर बसले होते. काकू शेजारी येऊन बसल्या. समोर माळी पाणी घालत होता.

"जायचंय ना तुम्हाला त्यांच्याबरोबर?" काकूंनी विचारलं.

"हो."

"मग हो म्हणून मोकळे व्हा की. ती दोघं वाट बघतायत."

"मी गेलो तर ती कायम माझीच वरची राहील. त्याची होणारच नाही."

"मग नका जाऊ."

"आणि पडली तर?"

काकूंनी मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "त्या दिवशी पडलीच होती. तुम्ही तिथे फाटकावर गप्पा मारत होतात. त्याने टाच तोंडावर घेतली, पण तिला सोडलं नाही."

त्या जागी काका स्वतः असते तर त्यांनीही तेच केलं असतं, हे त्यांना माहीत होतं. जावयानेही तेच केलं, हे मात्र त्यांनी अजून एकदाही त्याला बोलून दाखवलं नव्हतं. ते उठले आणि अवजारांच्या खोलीकडे गेले. चिमणी आणि जावई आत काहीतरी बोलत होती, त्यांना बघून गप्प झाली.

"मी येत नाही," काका दारातूनच म्हणाले. "आणि आज मी शेवटच्या रांगेत बसणार. तिथून माझा आवाज पोचत नाही."

"आणि मोठी उडी?" जावयाने विचारलं.

"ते मला विचारू नका." एवढं बोलून ते वळले, दोन पावलं गेले आणि परत आले. "त्या दिवशी चांगली झेललीस," ते जावयाला म्हणाले, आणि त्याने काही म्हणायच्या आत निघून गेले.

आठवड्यातली सगळ्यात मोठी गर्दी त्या संध्याकाळी होती. शेवटच्या रांगेतून मंच एखाद्या ट्रेएवढा दिसत होता. काकांना इतक्या लांबून आपला खेळ बघायची सवय नव्हती. त्यांच्या एका बाजूला काकू आणि दुसऱ्या बाजूला गवती टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना जरा कमी ऐकू येत असावं, कारण ते सारखे पुढे वाकत होते. काकांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

छोटे खेळ झाले. मग जावई मंचाच्या मध्यावर येऊन पाय रोवून उभा राहिला आणि त्याने तळहात पुढे केले. चिमणी त्याच्या गुडघ्यावरून तळहातांवर चढली, आणि त्याने तिला खांद्यांच्या उंचीला नेलं. मोठी उडी होणार होती.

जावयाचे खांदे काकांना इथूनही वाचता येत होते, त्याचा जोर कुठे जमतोय ते दिसत होतं. आता हाक दे, त्यांनी मनात म्हटलं. जावयाने हाक दिली नाही. तो तोंड मिटून, मान वर करून, चिमणीकडे बघत उभा होता. दे ना रे. चिमणीने एकदाही दोरीकडे पाहिलं नाही. ती तिथे वर, सरळ, पुरेसा वेळ घेऊन उभी होती. लोकांची कुजबुज थांबली. लांबवर रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची घंटासुद्धा ऐकू आली.

"आता," चिमणी म्हणाली.

मोठ्याने, स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत. जावयाचे हात तिच्या शब्दासरशी वर गेले. ती उडाली, सगळ्या झाडांच्या वर गेल्यासारखी दिसली, मागच्या मागे फिरली, आणि तिचे पाय त्याच्या खांद्यांवर येऊन टेकले. तो जागचा हलला नाही.

सगळी बाग उठून उभी राहिली. फक्त खांबकाका बसून राहिले. जन्मभरात वरच्याने हाक द्यावी हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. भावालाही त्यांनी कधी विचारलं नव्हतं, की तू तयार आहेस का. 'हं' म्हणायचं आणि फेकायचं. या दोघांनी दुपारीच हे ठरवलं असणार, आणि काकांना विचारलं नव्हतं. काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपले हात अजून मांडीखालीच आहेत आणि आपल्या तोंडून या खेपेला काहीच निघालेलं नाही. डोळे मात्र वाहत होते, आणि पाणी मिशांपर्यंत पोचलं होतं.

गवती टोपीवाले गृहस्थ त्यांच्या कानाशी वाकले.

"ती मुलगी वरून काय म्हणाली हो? कुणाला सांगत होती?"

"आम्हा दोघा खालच्यांना," खांबकाका म्हणाले.

गृहस्थांना ते नीट ऐकू आलं नाही. ते मान हलवून पुन्हा टाळ्या वाजवायला लागले.