डॉक्टरांचं अर्धं वाक्य

नागोयात ऑगस्टमध्ये कपडे अंगाला चिकटतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत कादंबरी पिशवीत स्वेटर घेऊन कामाला जात होती. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या जपानी बाईंनी एकदा न राहवून विचारलं, तेव्हा तिने खरं ते सांगितलं, की बर्फावर काम आहे. बाईंनी मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही.

कादंबरी पुण्याची. जपानी तिथेच शिकली, आणि नवऱ्याची, विश्वनाथची, बदली इथे झाल्यावर ती भाषा तिच्या कामी आली. एका एजन्सीकडून तिला दुभाषी म्हणून बोलावणं यायचं. बहुतेक वेळा कारखान्यात, साचे आणि वेल्डिंग यांच्या मधे उभं राहायचं. सत्त्याण्णवच्या त्या उन्हाळ्यात मात्र एजन्सीने तिला एका स्वीडिश आइस हॉकी क्लबाच्या हवाली केलं. स्वीडिश मंडळींना इंग्रजी यायचं, रिंकवरच्या, म्हणजे त्या बर्फाच्या मैदानावरच्या, जपानी मंडळींना यायचं नाही. हॉकी म्हणजे हिरव्या मैदानावरची, एवढीच तिची माहिती होती. तिने ते पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"बरं झालं," क्लबाचे प्रशिक्षक एकेलुंड म्हणाले. "खेळ कळणारा दुभाषी स्वतःच्या पदरचं घालतो."

एकेलुंड साठीच्या घरातले, उंच, नाक दोनदा मोडलेलं. क्लबाचं नाव स्टेनफोर्स. स्वीडनच्या उत्तरेला कागदगिरणीचं एक लहानसं गाव, आणि गिरणीखालोखाल त्या गावात नाव घ्यावं असं काही असेल तर हा क्लब. मोसम सुरू होण्याआधी सराव म्हणून ते जपानमध्ये काही सामने खेळायला आले होते. नागोयातल्या एका कंपनीच्या संघाशी सामने झाले की शेवटचा टोकियोत. पण खरी गोष्ट कादंबरीला दुसऱ्या दिवशी बसमध्ये कळली. स्टेनफोर्समध्ये पोरं तयार व्हायची आणि अमेरिकेत जायची. अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका मोठ्या क्लबाशी त्यांचा तसा करारच होता. त्या क्लबाचा डग नावाचा कॅनेडियन माणूस या दौऱ्यावर सोबत फिरत होता. त्याचं काम एकच, पोरं पारखायची.

"आम्ही रोपं लावतो," एकेलुंड तिला म्हणाले, "आणि फळं डग नेतो."

डग मागच्या बाकावरून हसला. वाईट माणूस नव्हता तो. सगळ्यांच्या बायकामुलांची नावं त्याला पाठ होती.

यंदा त्याची नजर टोबियासवर होती. टोबियास एकोणीस वर्षांचा, मधल्या फळीत खेळणारा. बर्फावर असा वळायचा की काही न कळणाऱ्या कादंबरीलाही मान वळवावी लागायची. अमेरिकन क्लबाने त्याचं नाव आधीच राखून ठेवलं होतं. आता त्यांचे मुख्य व्यवस्थापक काही कामानिमित्त टोकियोत येणार होते आणि शेवटचा सामना बघणार होते. त्यांच्या मनात भरला, तर सप्टेंबरात टोबियासला तिकडच्या शिबिराचं बोलावणं. नाही भरला, तर राखलेलं नाव पुढच्या उन्हाळ्यात सोडून दिलं जाणार होतं.

नागोयातल्या शेवटच्या सामन्यात ती घटना घडली. टोबियास खाली मान घालून काठीने रबराची चकती ओढत होता. जपानी संघाचा एक दांडगा खेळाडू समोरून आला आणि दोघांची टक्कर झाली. टक्कर नियमात बसणारी होती. पण टोबियासचं डोकं कडेच्या फळीवर आपटलं, आणि तो आवाज वर बसलेल्या लोकांनाही ऐकू गेला. तो उठला, आपला आपण बाकावर येऊन बसला, आणि थोड्या वेळाने शेजारच्याला विचारू लागला, की आपण कुठल्या गावात आहोत.

इस्पितळात एकेलुंड, डग आणि कादंबरी त्याच्याबरोबर गेले. तपासणी होईपर्यंत तिघं बाहेर बाकावर बसून होते. डग उठून फोन करायला गेला, तेव्हा एकेलुंड आपणहून बोलू लागले.

"मी तिकडे अमेरिकेत पाच मोसम खेळलो. सत्तरच्या दशकात. आम्ही स्वीडनचे म्हणजे भित्रे, असं त्या लोकांनी ठरवूनच टाकलं होतं. म्हणून काठीने मारायचे, कोपराने मारायचे. आणि आम्ही भित्रे नाही हे दाखवायला दुसऱ्या दिवशी परत उतरायचो."

"लागायचं नाही?"

"लागायचं ना. आता मला कधीकधी शब्द सापडत नाही. साधा शब्द. चमचा, किंवा नातवाचं नाव." ते थांबले. "दुभाष्याला हे सांगतोय म्हणजे गंमतच आहे."

डग फोन करून परत आला. मग दार उघडलं आणि नर्सने आत बोलावलं.

डॉक्टर मोरिता पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी डोक्याचे फोटो उजेडावर लावले. रक्तस्राव दिसत नाही, म्हणाले. टोबियास पलीकडच्या पलंगावर डोळ्यांवर हात ठेवून पडला होता. डगचा चेहरा खुलला.

"मग पुढच्या आठवड्यात टोकियोत खेळेल?"

कादंबरीने ते जपानीत विचारलं. डॉक्टरांनी मान एका बाजूला कलती केली, दातांमधून हवा आत ओढली आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यातला सामना म्हणजे… चोत्तो…"

वाक्य तिथेच सुटलं. जपानमध्ये अशी वाक्यं पुरी करायची नसतात, ऐकणाऱ्याने ती समजून घ्यायची असतात. कारखान्यात कादंबरीने ती शेकड्यांनी ऐकली होती, आणि त्यांचा अर्थ तिला पुरता ठाऊक होता.

"नाही म्हणतायत," ती म्हणाली.

"नाही कुठे म्हणाले?" डग म्हणाला. "मी ऐकलं. चोत्तो म्हणाले. चोत्तो म्हणजे जरासं. तेवढं जपानी मलाही येतं."

"शब्दाचा अर्थ तोच आहे. पण असं अर्धवट म्हटलं की त्याचा अर्थ नाही असा होतो."

"कादंबरी, तुम्ही बाई चांगल्या आहात. पण तुमचं काम ते बोलतील ते सांगायचं. जरासं दुखेल, जरा जपावं लागेल, असं असेल तर तसं सांगा. त्या मुलाचं अख्खं आयुष्य या सामन्यावर आहे." मग तो एकेलुंडकडे वळला. "आणि तुमचं मला माहीत आहे. यंदा तो तुम्हाला तुमच्याच क्लबात हवाय."

ते खरंही होतं. टोबियास गेला तर स्टेनफोर्सचा मोसम बुडाल्यातच जमा होता. गावातली पोरंसोरंसुद्धा हे जाणून होती. एकेलुंडनी 'खेळायचं नाही' म्हटलं असतं, तर ते मुलासाठी म्हटलं की क्लबासाठी, हे कोणालाच सांगता आलं नसतं. कदाचित त्यांनाही नाही. ते कादंबरीकडे बघत राहिले.

तेवढ्यात टोबियासने पलंगावरून विचारलं, "आपण जिंकलो का?" हे त्याने गाडीत विचारलं होतं, लिफ्टमध्येही विचारलं होतं.

कादंबरी डॉक्टरांकडे वळली. ती जे करणार होती ते इथे कोणी करत नाही, याची तिला कल्पना होती. तिने कमरेत वाकून आधी माफी मागितली.

"सेन्सेई, फार उद्धटपणा होतोय. पण या लोकांच्या भाषेत अर्धं वाक्य चालत नाही. ते याचा अर्थ खेळला तरी चालेल असा घेतायत. कृपा करून पूर्ण वाक्य सांगाल का?"

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही, पण खोलीतली नर्स जमिनीकडे बघू लागली. मग ते अगदी सपाट आवाजात बोलले, जणू कोणी त्यांना भर रस्त्यात कोट काढायला लावला होता.

"या मुलाने खेळू नये. हे बरं होण्याआधी डोक्यावर दुसरा मार बसला, तर तो मरू शकतो."

तिने ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. टोबियासने डोळ्यांवरचा हात काढला.

"हे ते बोलले की तुम्ही?" डगने विचारलं, पण आता त्याच्या आवाजात पहिला जोर नव्हता.

"ते बोलले. मला बोलायला लावावं लागलं, एवढंच."

"खेळणार नाही तो," एकेलुंड म्हणाले. "निर्णय माझा."

टोबियास उठून बसला. रंग उडाला होता, पण डोळ्यांत राग स्पष्ट होता. तो कादंबरीला म्हणाला, "तुमचं काय जातंय यात?" तिचं खरंच काही जात नव्हतं.

पण थोडं गेलं. दोन दिवसांनी एजन्सीतून फोन आला. इस्पितळाकडून नाराजी कळवण्यात आली होती, की दुभाष्याने डॉक्टरांना अवघड जागी आणलं. आवाज नम्र होता. टोकियोच्या सामन्याला दुसरं माणूस पाठवत आहोत, कादंबरी-सानने विश्रांती घ्यावी, असं सुचवण्यात आलं.

"विश्रांती म्हणजे काढलं?" विश्वनाथने जेवताना विचारलं.

"चोत्तो विश्रांती," ती म्हणाली. तो हसला. तिला मात्र फारसं हसू आलं नाही.

महिन्याभराने काम पुन्हा मिळू लागलं, साचे आणि वेल्डिंगचंच. स्टेनफोर्सचं तिने मनातून काढून टाकलं. फेब्रुवारीत नागानोला हिवाळी ऑलिंपिक भरलं, आणि एके दिवशी एकेलुंडचा फोन आला. स्वीडनच्या एका रेडिओसाठी ते सामन्यांवर बोलायला आले होते. एक जादा तिकीट होतं, याल का?

ती नागोयाहून शिनानो नावाच्या रेल्वेगाडीने गेली. डोंगरात बर्फ दाट होता. त्या वर्षी पहिल्यांदाच अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने आपले खेळाडू ऑलिंपिकसाठी सोडले होते. स्वीडनच्या पिवळ्या सदऱ्यातली बरीचशी पोरं एरवी तिकडे खेळणारी. एकेलुंड बोट दाखवून सांगत होते, हा बारा वर्षांचा होता तेव्हा मी त्याला पाहिला, तो आमच्या शेजारच्या गावचा. सगळे घरचेच, आणि सगळे परगावाहून आलेले.

सामना संपल्यावर दोघं सोबा नूडल्स खायला बसली.

"टोबियास?" तिने विचारलं.

"नोव्हेंबरात खेळायला लागला. आता ठीक आहे, डोकं दुखत नाही. अमेरिकेचं बोलावणं आलं नाही. त्याच्या जागी टोकियोत ज्याला उतरवलं, त्याला नेलं त्यांनी. तिकडे खालच्या लीगमध्ये आहे, बसमधून हिंडतोय." त्यांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. "टोबियास माझ्याशी बोलत नाही. सरावाला येतो, सांगितलं ते करतो, बोलत नाही. इस्पितळातलं त्याला काही आठवत नाही. त्याच्या डोक्यात बसलंय, की मी त्याला क्लबासाठी अडवून ठेवलं."

"डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. पण मी सांगितलेलं कशावरून खरं?" ते जरा थांबले. "आणि मला स्वतःला तरी पुरती खात्री कुठे आहे. तुम्ही ते वाक्य काढून घेतलंत तेव्हा मला हायसं वाटलं. कशाबद्दल वाटलं, ते विचारू नका."

कादंबरीने त्यांच्याकडून टोबियासचा नंबर मागितला. आधी नको म्हणाले. मग दिला.

पुढच्या रविवारी तिने घरून फोन लावला. तिकडे सकाळ होती. ती कोण, हे सांगायलाच बराच वेळ गेला. मग तिने डॉक्टरांचं वाक्य त्याला ऐकवलं, आधी जपानीत, मग इंग्रजीत. त्याआधीचं अर्धं वाक्यही ऐकवलं, आणि आपण काय केलं तेही. एकेलुंड त्या सगळ्यात एकदाच बोलले, आणि तेही शेवटी, हे सांगितलं. त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही, असंही म्हणाली.

टोबियास म्हणाला, "तरीही मी खेळलोच असतो."

"ते दिसतच होतं."

"म्हणजे तुम्ही मला वाचवलंत, असं म्हणायचंय का?"

"नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही. काय बोललं गेलं, तेवढं मला माहीत आहे."

पलीकडे कुठेतरी कुत्रं भुंकलं.

"आज सराव आहे," तो म्हणाला. "विचारतो त्यांना."

त्याने काय विचारलं आणि एकेलुंडनी काय सांगितलं, हे कादंबरीला कधी कळलं नाही. फोन ठेवून ती आत गेली. विश्वनाथने वरणाला फोडणी दिली होती, आणि मोहरी जरा जास्त तडतडली होती. सोमवारी तिला कारखान्यातल्या नव्या प्रेस यंत्राच्या बैठकीला जायचं होतं. त्या बैठकीत जपानी साहेबांनी तीन वाक्यं अर्धी सोडली. तिने तिन्ही पुरी करून समोरच्या जर्मन माणसांना सांगितली.