चादरीबाहेरचा हात

आई आठवते ती फोटो धुण्याच्या रसायनाच्या आंबूस वासासकट. साताऱ्याच्या आमच्या स्टुडिओत काचेच्या छपरातून माघातलं कोवळं ऊन उतरे आणि वडिलांच्या माघारी त्यांचा कॅमेरा समर्थपणे चालवणारी ती स्त्री त्या प्रकाशाची प्रसन्नपणे वाट पाहत उभी असे.

लढाईचे दिवस होते. न पाहिलेलं लेकरू आघाडीवरच्या बापाला दाखवायचं म्हणून माण तालुक्यातल्या, औंधाकडच्या बाया तान्ही मुलं घेऊन येत. मूल हलू नये म्हणून मांडीवर धरायचं त्याच्या आईनं. पण तिच्यावर चादर घालून तिला नखशिखांत झाकायची रीत होती. माझी आई चिडून म्हणे, "खुर्चीनंच जन्म दिलाय का याला?"

एकदा दहिवडीची एक सासू बजावून म्हणाली, "आवं बाई, सुनंचं त्वांड पलटणीत कशाला दावायचं? नातवाचा तेवढा काढा."

चादर घातली आणि ती आतून हुंदक्यांनी हलू लागली. आई पुढे झाली, चादर सारखी करण्याच्या निमित्तानं तिनं सुनेचा हात हळूच बाहेर घेतला आणि बाळाच्या पोटावर ठेवला. मनगटावर काकणं होती, तव्याच्या चटक्याचा डाग होता.

सासूनं डोळे वटारले. आई शांतपणे म्हणाली, "हात नसला तर प्वार पडंल, मावशी."

काही महिन्यांनी ती सून नवऱ्याचं पत्र दाखवायला मुद्दाम आली. आईनं तिला मोठ्यानं वाचून दाखवलं : "पोरगं बघितलं. हात वळखला. चटका नवा दिसतोय, जपून ऱ्हा." दोघी रडता रडता हसल्या. त्यानंतर आईनं कुठल्याच आईचा हात झाकू दिला नाही. मला तिचा फार अभिमान वाटे, अजून वाटतो.

तिचा स्वतःचा मात्र एकही फोटो नाही. माझा एक आहे, वर्षाची असतानाचा. त्यात मला धरणारा हात नाही, कारण तो हात कॅमेऱ्यावर होता. धरायला कुणी नाही म्हटल्यावर मी सरळ तिच्याकडे रांगत निघाले आणि चेहरा पार पुसट झाला. तेव्हा फोटो आधी काचेवर उमटे. दुसऱ्या कुणाची असती तर बिघडलेली म्हणून तिनं ती काच फेकून दिली असती. ही मात्र मऊ फडक्यात गुंडाळून जन्मभर जपली.

आता ती नाही. इतकी वर्षं सरली, तरी त्या काचेवर मी अजून तिच्याकडे निघालेलीच आहे.